युद्धापूर्वीची मुत्सद्देगिरी



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले आणि आम्ही विषय कळवला, तेव्हा पुण्यातील एका स्नेह्यांनी आम्हांस सावध केले. ते म्हणाले, "भोरला जाऊन बगदाद नि न्यूयॉर्कच्या गोष्टी काय सांगता? पाणी, रस्ता, भाताचा भाव यांवर बोला." पाणी, रस्ता आणि भाताचा भाव हे विषय आमच्यापेक्षा आपल्याला अधिक कळतात, त्यांवर बोलण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु आमच्या विषयाशी या मुलखाचा काही संबंध नाही, हे मात्र आम्हांस कबूल नाही. युद्ध येऊन कोसळण्यापूर्वी निरपराध माणसांना कसे हलवावे, यासंबंधीचा मराठीतला एक अस्सल कागद याच रोहिड खोऱ्यात, कारीच्या देशमुखांच्या नावे आलेला आहे. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

सन १६६२. शाएस्ताखान पुण्यात येऊन बसल्याला दोन वर्षे उलटून गेली होती. मोगलांच्या तुकड्या भोवतालच्या मुलखावर धावण्या करीत होत्या. ऑक्टोबरचा उत्तरार्ध, म्हणजे आपल्याकडे हळवी भाते कापणीला येतात ते दिवस. त्या दिवसांत शिवाजीमहाराजांनी सर्जेराव जेधे यांना एक पत्र लिहिले. सर्जेराव म्हणजे कान्होजी जेध्यांचे चिरंजीव. पत्र लांबलचक नाही. जासुदांनी बातमी आणली आहे की मोगल तुमच्या तप्यात धावणीस येत आहेत. तेव्हा हे पत्र पोचताच गावोगाव ताकीद करा आणि लेकराबाळांसकट सगळी रयत घाटाखाली, जेथे गनिमाचा उपद्रव पोचणार नाही अशा अडचणीच्या जागी पाठवून द्या. रात्रीचा दिवस करा, एका घटकेचाही उशीर लावू नका. तुमच्याकडून यात कसूर झाली आणि मोगलांनी माणसे धरून नेली, तर त्याचे पाप तुमच्या माथी बसेल. हा पत्राचा गाभा.

हे पत्र आम्ही पुष्कळदा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी एका गोष्टीचे नवल वाटते. त्यात दयेवर प्रवचन नाही. बातमी कोठून आली, काय करावयाचे, कोणी करावयाचे, कोठे न्यावयाचे, किती वेळात, आणि न झाल्यास जबाबदार कोण, एवढेच त्यात आहे. आजच्या काळात एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेने असा आराखडा केला, तर शंभर पानांचे पुस्तक निघते, आणि त्या शंभर पानांत शेवटची गोष्ट, म्हणजे जबाबदार कोण, ही बहुधा सापडत नाही. ती भीतीही काल्पनिक नव्हती. तीनच वर्षांनी, १६६५ साली, मिर्झाराजे जयसिंगांच्या स्वारीत दाऊदखानाच्या फौजेने रोहिड्याच्या आसपासची गावे जाळली.

आता या पत्रातील एका शब्दाकडे आम्ही आपले लक्ष वेधतो. तो शब्द म्हणजे 'घाटाखाली'. मावळातल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. भोरहून वरंध घाटाने उतरावे, वेल्ह्याकडून मढे घाटाने किंवा उपांड्याच्या वाटेने उतरावे, की आपण बिरवाडी-महाडच्या अंगाला लागलो. १६५६ मध्ये जावळी घेतल्यापासून तो खालचा मुलूखही महाराजांचाच होता. घाटमाथा त्यांचा, वाट त्यांची, चौकी त्यांची आणि उतरणाऱ्याला आसरा देणारे गावही त्यांचेच. म्हणून कारीच्या देशमुखांना लिहिलेले एक पत्र पुरेसे झाले.

पण समजा, खाली उतरणारी वाट दुसऱ्याच्या मुलखातून गेली असती. चौकीवर दुसऱ्याचे शिपाई असते. उतरणाऱ्यांजवळ धान्य नसते आणि धान्य पाठवण्यावर तिसऱ्याने बंदी घातली असती. आणि ज्याच्या धावणीपासून पळावयाचे, त्याच्याच सहीवाचून एक पाऊल पुढे टाकता आले नसते. तर काय केले असते? ही कोटी आम्ही बोलण्याच्या ओघात रचलेली नाही. १९९० साली लाखांनी मोजावे इतके भारतीय बरोबर याच कचाट्यात सापडले होते.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या सैन्याने कुवेत व्यापले. तेव्हा कुवेतमध्ये सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. त्यांत केरळीय सर्वांत जास्त, पण गोव्याचे, रत्नागिरीचे, मुंबईचेही पुष्कळ. कोणी रुग्णालयात परिचारिका, कोणी तेलकंपनीत कारकून, कोणी गवंडी, कोणी घरकामाला. एका रात्रीत बँका बंद झाल्या आणि हातातल्या दिनाराचे मोल घसरले. ज्याच्याकडे काम करावयाचे तो मालक देश सोडून पळाला, आणि त्याच्या कपाटात यांचे पासपोर्ट अडकले. मोठे युद्ध अद्याप झाले नव्हते. ते १७ जानेवारी १९९१ ला सुरू झाले. पण अमेरिकेचे सैन्य सौदी अरेबियात उतरू लागले होते आणि युद्ध येणार अशी चिन्हे रोज वाढत होती. म्हणजे ऑगस्ट ते जानेवारी असे साडेपाच महिने हाती होते. मुत्सद्द्यांना जे काही करावयाचे ते या साडेपाच महिन्यांतच करणे भाग होते. तोफा सुरू झाल्यावर परवानगी मागावयाची कोणाकडे आणि ती देणार कोण?

या कामाला किती परवानग्या लागल्या, ते पाहा. कुवेतहून समुद्राने बाहेर पडणे जवळजवळ बंद झालेले. विमानतळ बंद. एकच वाट मोकळी होण्याजोगी होती: कुवेतहून बसऱ्याला, बसऱ्याहून बगदादला, तेथून वाळवंटातून जॉर्डनच्या सरहद्दीला आणि पुढे अम्मानला. दीड हजार किलोमीटरच्या वर अंतर. त्यातला मोठा भाग आक्रमण करणाऱ्याच्याच मुलखातला. तेव्हा पहिली परवानगी इराकची. दुसरी जॉर्डनची, आणि जॉर्डन हा लहानसा, पाण्याला महाग असलेला देश, त्याच्यावर अनेक देशांच्या निर्वासितांचा लोंढा येऊन आदळत होता. काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसे त्या देशातून गेली. ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोनएक दिवस जॉर्डनने सरहद्द बंदही केली. त्याला दोष देणे सोपे आहे. आपल्या गावच्या विहिरीवर एका दिवसात दहा गावे पाण्याला आली, तर आपणही पोहरा क्षणभर वर ओढून घेऊच.

त्यानंतर विमानांची गोष्ट. आरंभी आपल्या वायुदलाच्या विमानांनी काही माणसे आणली. परंतु लष्करी विमान परक्या आकाशातून न्यावयाचे तर प्रत्येक देशाची दर खेपेला वेगळी मुभा लागते, आणि त्या दिवसांत आखातावरच्या आकाशात सगळेच एकमेकांकडे संशयाने पाहत होते. मुलकी विमानाला ही अडचण त्या मानाने थोडी. म्हणून काम एअर इंडियाकडे आले. १३ ऑगस्टपासून ११ ऑक्टोबरपर्यंत ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या होऊन १ लाख ११ हजारांहून अधिक माणसे मायदेशी आली. मुलकी विमानांनी एवढी माणसे हलवल्याचे उदाहरण जगात दुसरे नाही, असे म्हणतात, आणि त्याची नोंद विक्रमांच्या पुस्तकातही आहे. विक्रमाचे आम्हांस फारसे कौतुक नाही. कौतुक आहे ते लष्करी विमानाऐवजी मुलकी विमान घ्यावे हे ज्या कोणाला दिल्लीच्या कचेरीत सुचले त्याचे. माणसे विमानाने आली खरी; पण विमान आकाशात चढले ते कागदाच्या बळावर.

भोरकरांना कागदाची किंमत आम्ही सांगावी असे नाही. येथल्या संस्थानचे अधिपती पंतसचिव. अष्टप्रधानांत परराज्यांशी बोलणारे ते सुमंत. सचिवांकडे राजपत्रे तपासण्याचे काम. चुकीचे अक्षर दुरुस्त करून मगच पत्र पुढे जावयाचे. आम्हांला नेहमी वाटते की सुमंताचे नाव होते आणि सचिवाचे काम होते.

त्या सप्टेंबरात आमच्या नात्यातील एका गृहस्थांना आणावयास आम्ही मुंबईला सहार विमानतळावर गेलो होतो. कुवेतमध्ये ते थंड हवेची यंत्रे दुरुस्त करीत. दाढी वाढलेली, अंगात मळलेला सदरा, हाती एक पिशवी. पासपोर्ट नव्हता, वकिलातीने दिलेला एक कागद होता, तो त्यांनी घरी पोचेपर्यंत खिशातून काढला नाही. इराक आणि जॉर्डन यांच्या चौक्यांमधल्या ओसाड पट्ट्यात, जो धड याचा नाही धड त्याचा नाही, तेथे तंबूत त्यांनी काही दिवस काढले होते. दिवसा आग, रात्री विंचू. आम्ही विचारले, "पाण्याचे हाल झाले असतील?" ते म्हणाले, "झाले. पण काका, आम्ही पाण्याच्या गाडीपेक्षा यादीची वाट जास्त बघत होतो." यादी म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या विमानात कोणाकोणाला घेणार, त्यांची नावे. ते वाक्य आमच्या मनातून जात नाही.

पुढे, २०१६ साली, या प्रसंगावर 'एअरलिफ्ट' नावाचा हिंदी चित्रपट निघाला. आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात एक धडाडीचा व्यापारी सारे काही करतो आणि दिल्लीचे अधिकारी टेबलावर पेंगत असतात. चित्रपटाला नायक लागतो, हे आम्ही समजतो. कुवेतमधील भारतीयांनी स्वतः समित्या केल्या, बसगाड्या ठरवल्या, शिबिरे चालवली, हे अगदी खरे. 'टोयोटा सनी' म्हणून ओळखले जाणारे मॅथुनी मॅथ्यूज यांनी त्यात केलेले काम सर्वश्रुत आहे. पण बसगाडी ठरवणारा सरहद्द उघडू शकत नाही. परराष्ट्रखात्यातील आखाती विभागाचे तेव्हाचे प्रमुख के. पी. फेबियन यांनी या कामाची हकीकत नंतर सांगितली आहे. चित्रपटावर निवृत्त राजदूतांनी जाहीर नाराजी दाखवली, ती आम्हांस रास्त वाटली.

आता अन्नाकडे वळू. या कथेतला आमच्या मते सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही.

आक्रमणानंतर चारच दिवसांनी, ६ ऑगस्ट रोजी, सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६६१ संमत करून इराक आणि व्याप्त कुवेत यांच्याशी सर्व व्यापार बंद केला. औषधांना सूट होती. अन्नालाही सूट होती, पण 'मानवतेच्या दृष्टीने तशी परिस्थिती असेल तर'. २५ ऑगस्टच्या ठराव क्रमांक ६६५ ने आरमारांना जहाजे अडवून तपासण्याची मुभा मिळाली. कुवेत हा जवळजवळ सगळे धान्य बाहेरून आणणारा देश. म्हणजे आक्रमकाला वठणीवर आणण्यासाठी आवळलेला दोर तेथे अडकलेल्या भारतीय, श्रीलंकन, बांगलादेशी, फिलिपिनो कामकऱ्यांच्याही गळ्यात पडला.

भारताने सांगितले, आमची माणसे उपाशी आहेत, आम्हांला धान्याचे जहाज पाठवू द्या. यावर निर्बंध समितीत, जिच्या अध्यक्षा फिनलंडच्या मार्जट्टा रासी होत्या, खल सुरू झाला. 'तशी परिस्थिती' उद्भवली आहे हे ठरवावयाचे कोणी? धान्य उतरले आणि इराकी सैन्याने लांबवले तर? परक्यांना खाऊ घालण्याची जबाबदारी व्यापणाऱ्याची असताना आपण ती उचलली, तर निर्बंधांना अर्थ काय उरला? ऐकताना राग येतो, पण श्रोतेहो, हे प्रश्न दुष्टपणाचे नव्हते. ज्यांना युद्ध टाळून निर्बंधांनीच काम भागवावयाचे होते, त्यांनाही निर्बंध घट्ट असावयास हवेच होते. भुकेलेल्याला भाकरी दिली तर कदाचित युद्ध जवळ येते, आणि भाकरी अडवली तर तो आजच मरतो. अशा जागी धर्म कोणता, हे सांगणे कठीण आहे.

भारत त्या वेळी सुरक्षा परिषदेचा सभासदही नव्हता. पुढच्या वर्षी झाला. तेव्हा मतदानाचा हक्क नसताना बाहेरून पटवून देण्याचे काम होते. संयुक्त राष्ट्रांतील आपले स्थायी प्रतिनिधी चिन्मय घारेखान यांच्याकडे ते आले. १३ सप्टेंबरला ठराव क्रमांक ६६६ आला. त्याने असे ठरवले की अन्नाची गरज आहे का हे समिती पाहील. मुले, गरोदर बायका, आजारी, वृद्ध यांच्याकडे विशेष लक्ष दिले जाईल. आणि धान्य संयुक्त राष्ट्रांच्या मार्फत, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस किंवा तशा संस्थांच्या सहकार्याने व देखरेखीखाली वाटले जाईल. १३ विरुद्ध २ मतांनी तो संमत झाला. क्यूबा आणि येमेन विरुद्ध गेले; भाकरीला अशा अटी लावणेच त्यांना मान्य नव्हते. त्यानंतर 'विश्वसिद्धी' या भारतीय जहाजाला धान्य घेऊन जाण्याची मुभा मिळाली.

हिशेब करून पाहा. आक्रमण २ ऑगस्टचे, परवानगी सप्टेंबरच्या मध्याची. सहा आठवडे! तोपर्यंत विमानांच्या फेऱ्या सुरू होऊन महिना लोटला होता आणि हजारो माणसे अर्धपोटी वाळवंट ओलांडून गेली होती. एका घटकेचाही उशीर नको असे सांगणारे ते १६६२ चे पत्र, आणि हे सहा आठवडे. तरीसुद्धा जहाज वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. निर्बंधांच्या भिंतीत अन्नासाठी एक दार आहे, ते रीतसर ठोठावता येते आणि ते उघडते, एवढे त्या जहाजाने दाखवून दिले. दार उघडावयास सहा आठवडे लागू नयेत म्हणून काय करावे, हा पुढचा प्रश्न. तो आजही सुटलेला नाही.

आता या सगळ्याची किंमत काय पडली ते सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण आपल्याकडे सुटकेची गोष्ट सांगताना किंमत सांगण्याची पद्धत नाही.

परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल ऑगस्टमध्ये बगदादला गेले आणि सद्दाम हुसेन यांना भेटले. त्या भेटीतील आलिंगनाचे छायाचित्र जगभर छापून आले. ज्याने शेजारच्या देशाचा घास घेतला, त्याच्या गळ्यात गांधींच्या देशाचा मंत्री! टीकेचा भडिमार झाला. आपल्या सरकारची भाषाही सुरुवातीस फार सौम्य होती. इराकने फर्मावले की २४ ऑगस्टपर्यंत कुवेतमधील परकीय वकिलाती बंद करा. पाश्चात्त्य देशांनी नकार दिला, आपण आपली वकिलात बसऱ्याला हलवली. परागंदा झालेल्या कुवेती राज्यकर्त्यांच्या मनात याचा सल राहिला, आणि युद्धानंतर तो काढावयास आपल्याला वेळ लागला.

आमचे मत विचाराल, तर भेट चुकली नाही. ज्याच्या हातात चौकीची किल्ली आहे, त्याच्या दारी जावेच लागते; तो साधू असता तर जाण्याची वेळच आली नसती. परंतु किल्ली मागण्यासाठी जाणे वेगळे आणि त्याने केलेल्या चोरीला चोरी म्हणावयास अडखळणे वेगळे. आक्रमणाला आक्रमण म्हणण्यास आपण एवढे चाचरण्याची गरज नव्हती, असे आम्हांस वाटते. इराकलाही त्या दिवसांत मित्र हवे होते. लाखांनी तोंडे कमी झाली तर हवीच होती. आपण एक वाक्य स्पष्ट बोललो असतो, तरी त्याने वाट अडवली असतीच असे नाही. अर्थात पावणेदोन लाख माणसे ओलीस पडल्यासारखी असताना हे वाक्य बोलण्याची छाती आमची झाली असती काय? भोरच्या मांडवात उभे राहून ते सांगणे सोपे आहे. गुजरालांच्या जागी बसलेल्याला दुसऱ्या दिवशी यादी लागावयाची होती.

दुसरी गोष्ट याहून अधिक बोचते. भारताने वाट मागितली ती भारतीयांसाठी. ते त्याचे काम होते. श्रीलंका, बांगलादेश, फिलिपिन्स यांच्याजवळ एवढी विमाने नव्हती. त्यांच्या माणसांना वाळवंटातल्या तंबूंत अधिक दिवस काढावे लागले, आणि मग युरोपीय देशांच्या पैशाने आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने त्यांतल्या पुष्कळांना घरी पोचवले. पण ज्यांना सरकारच नाही त्यांचे काय? कुवेतमध्ये तेव्हा चारएक लाख पॅलेस्टिनी राहत होते. लाखाच्या वर असे लोक होते की ज्यांना 'बिदून' म्हणतात. बिदून म्हणजे 'वाचून', कागदावाचून, नागरिकत्वावाचून. त्यांच्यासाठी कोणता मंत्री बगदादला जाणार? कोणते विमान अम्मानला उभे राहणार? युद्ध संपल्यावर बहुतेक पॅलेस्टिनींना कुवेत कायमचे सोडावे लागले. कारीच्या पत्रात 'तमाम रयत' असा शब्द आहे. कोण पाटलाचा, कोण बलुतेदार, कोण उपरा, अशी फोड नाही. परवानगीच्या जगात पहिला प्रश्न हाच विचारतात की तू कोणाचा?

हा विस्कळीतपणा संयुक्त राष्ट्रांच्याही ध्यानात आला. अनेक संस्था, प्रत्येकीचा झेंडा वेगळा, आणि सरहद्दीवर पाण्याची गाडी कोणी आणावयाची हे कोणालाच ठाऊक नाही, असा प्रकार ऑगस्टमध्ये झाला. म्हणून सप्टेंबरात महासचिवांनी सद्रुद्दीन आगाखान यांना आपला प्रतिनिधी नेमून हे धागे एकत्र आणण्यास सांगितले. युद्धाच्या तोंडावर, जानेवारी १९९१ मध्ये, एक आराखडाही तयार झाला: जॉर्डन, सीरिया, तुर्कस्तान आणि इराण या चार देशांत प्रत्येकी सुमारे एक लाख माणसे येतील असे धरून तंबू, धान्य, औषधे आधीच नेऊन ठेवावीत. युद्धापूर्वी युद्धाची सोय करण्याचा तो मोठा प्रयत्न होता आणि आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पण अंदाज चुकला. जानेवारीत लोंढा आलाच नाही. मार्च-एप्रिलमध्ये, युद्ध संपल्यावर, सद्दामच्या सैन्याने उत्तरेत कुर्दांवर आणि दक्षिणेत शियांवर हत्यार धरले तेव्हा दहा लाखांहून अधिक माणसे इराण आणि तुर्कस्तानच्या बर्फाळ डोंगरांकडे धावली. आराखडा होता तो मुख्यतः परदेशी कामकऱ्यांसाठी. आली ती त्या देशाचीच माणसे. या अनुभवानंतर १९ डिसेंबर १९९१ रोजी आमसभेने ठराव ४६/१८२ संमत केला आणि आपत्कालीन साहाय्याच्या समन्वयासाठी एक वेगळा अधिकारी नेमला. १९९२ मध्ये स्वीडनचे यान एलियासन त्या जागी पहिले बसले. त्या ठरावाने एक तत्त्व लिहून ठेवले आहे की मदत ही ज्या देशात द्यावयाची त्याच्या संमतीने द्यावी. म्हणजे किल्ली ज्याच्या हाती त्याच्या दारी जाणे आले, ते काही चुकले नाही.

कारीच्या पत्रातील एक कलम आम्ही मघाशी मुद्दाम सांगितले नाही. रयत घाटाखाली गेली, तरी शेते राखावयास काही माणसे मागे राहणारच, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. भात उभे होते. ते सोडून सगळेच कसे जातील? त्यांच्यासाठी वेगळी सूचना आहे: त्यांनी डोंगरावर लपण्याजोग्या जागी राहावे आणि गनीम लांबून दिसताच त्याची वाट चुकवून निघून जावे. त्यांना कोणी रागे भरलेले नाही, की हट्टी म्हटलेले नाही.

कुवेतमध्येही ११ ऑक्टोबरनंतर काही हजार भारतीय मागे राहिलेच. कोणाचे दुकान होते, कोणाचा पगार थकला होता, कोणाला घरी परतून कर्ज फेडावयाचे तोंड नव्हते. १७ जानेवारीच्या रात्री बॉम्ब पडू लागले तेव्हा ते तेथेच होते. आमच्या नात्यातल्या त्या गृहस्थांचा खोलीतला सोबती त्यांत होता. मार्चमध्ये त्याचे पत्र आले. त्यात युद्धाविषयी दोन ओळी होत्या आणि बाकी सगळे पत्र, दुकानातला माल शाबूत आहे, याविषयी होते.